वर्तणूक उत्तम

नाशिक,
रविवार, २२ जून २०२५

तीर्थरूप अण्णांस,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

खरं तर फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुम्हाला ऐकू जावं म्हणून सविताने तो स्पीकरवर टाकला आणि माझ्या मूळव्याधीची हकीकत नांदगावात तुमच्या अख्ख्या गल्लीने ऐकली. समोरच्या आक्काबाईंनी तर मला सुरणाची भाजी खा म्हणून निरोप धाडला. तेव्हा पत्रच बरं. शिवाय माझ्या शुद्धलेखनावर लाल पेन चालवून पत्र परत पाठवण्यात तुमचे दोन दिवस छान जातात. सुनेला तेवढाच आराम.

बातमी अशी की तुमची बहीण शाळेत जायला लागली. आमच्या कॉलनीमागे सिस्टर लोकांची शाळा आहे ना, ख्रिश्चनांची, तिथे लहान मुलांना मराठी गोष्टी वाचून दाखवायला स्वयंसेवक हवे होते. चौतीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीत बसून लोकांच्या गोष्टी ऐकल्या, आता आपण सांगाव्यात असं मनाने घेतलं.

मला वाटलं होतं, गेलं, पदर खोचला आणि एक होता राजा सुरू. कसलं काय! आधी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. मग नात्याबाहेरच्या दोन माणसांची शिफारस. मग तीन तास प्रशिक्षण, आणि वर दोन पानी नियम, त्यावर सही. मुलासोबत एकटीने खोलीत बसायचं नाही, सतत दोघी. दार उघडं. मांडीवर घ्यायचं नाही, फोटो काढायचा नाही, गाडीवर घरी सोडायचं नाही, चॉकलेट द्यायचं नाही. आणि गालगुच्चा घ्यायचा नाही! अण्णा, एवढ्या गुबगुबीत गालांसमोर हात मागे बांधून गोष्ट सांगायची म्हणजे एकादशीला बटाटेवड्याच्या गाडीशेजारी उभं राहायचं.

मुख्याध्यापिका सिस्टर अंजली माझ्या मुलीच्या वयाची आहे, आवाज मात्र थेट तुमचा. मी तिला म्हटलं की अगं बाई, माझ्याकडे बघून तुला काय वाटतं? तर म्हणाली की बघून काही वाटून घ्यायला लागू नये म्हणूनच कागद आहेत. पोलीस ठाण्यात गेले तर हवालदार विचारतो की मावशी, केलंत तरी काय? आणि घरी आमचे हे रोज सकाळी चौकशी करतात की आज जामीन मिळणार का.

शिफारशीला तुमचं नाव देणार होते, पण नात्यातलं माणूस चालत नाही म्हणे. राग मानू नका. गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहे तशीच ठेवा, लाल पेन जरा हलकं दाबा.

तुमची,
उज्वला


नांदगाव,
शुक्रवार, २७ जून २०२५

चि. सौ. उज्वला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. अकरा चुका आहेत, दुरुस्त करून सोबत परत पाठवीत आहे. गालगुच्चा हा शब्द मात्र अचूक लिहिलास. विषय जिव्हाळ्याचा असावा.

बासष्टाव्या वर्षी पोलीस ठाणे पाहून आलीस, तेही मिशनऱ्यांच्या शाळेपायी! आपल्या सात पिढ्यांत ती पायरी कोणी चढले नव्हते. उद्या गळ्यात क्रूस घालून आलीस तर राखीपौर्णिमेला तुला पाट मांडायचा की बाक, याचा विचार मला आत्ताच करावा लागेल.

आणि काय ते नियम! आमच्या काळी मुले गुरुजींच्या घरी मुक्कामाला असत. आईबाप हात जोडून सांगत की गुरुजी, पोरगे तुमच्या पदरात टाकले. कोणी दार उघडे आहे का बंद, हे वाकून पाहिले नाही. माणूस ओळखायला नजर लागते, कागद नव्हे. एकोणीस वर्षे मुख्याध्यापक होतो, शेकडो लोकांना वर्तणुकीचे दाखले दिले. एकही परत आला नाही.

नात्यातला चालत नाही म्हणजे काय? तुझ्या त्या सिस्टरला दाखव, म्हणावे हा धोंडीराम हेडमास्तरांचा दाखला. सोबत जोडला आहे. शाळेचा शिक्काही मारला आहे. निवृत्त झालो तेव्हा तो परत घ्यायचे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि मी आठवण केली नाही.

मजकूर असा: सदर व्यक्ती माझ्या पूर्ण परिचयाची असून तिची वर्तणूक उत्तम व निष्कलंक आहे. भावी वाटचालीस शुभेच्छा.

सविता बरी आहे. घरात तिचेच राज्य आहे, मी पेन्शनवर. तुम्हा उभयतांविषयीचा लोभ कमी झालेला नाही, चुका कमी झाल्यास वाढेल.

तुझा,
अण्णा


नाशिक,
रविवार, ६ जुलै २०२५

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा दाखला सिस्टरला दाखवला. शिक्का बघून ती आधी हसली, मग निवृत्तीचं साल विचारून गंभीर झाली, मग कागद मला परत दिला. भावी वाटचालीस शुभेच्छा वाचून आमच्या ह्यांनी विचारलं की बासष्टाव्या वर्षी ही आता कुठे चालली?

बाटायची काळजी सोडा. त्यांनी मला एकाच बाबतीत बाटवलंय, दिसेल त्या पोराचा गाल ओढायची खोड गेली. आता पोरंच येऊन विचारतात की आजी, टाळी देऊ का? मी हात पुढे करते. बरं वाटतं हो.

आता गंमत ऐका. आमच्यात सोमनाथ सर म्हणून एक नवे स्वयंसेवक आलेत. पंचावन्नच्या पुढचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं साजूक तुपातलं. चौथी-पाचवीच्या मुलांची शिष्यवृत्तीची तयारी दर शनिवारी फुकट करून घेतो म्हणतात. मी नांदगावच्या धोंडीराम सरांची बहीण म्हटल्यावर वाकून नमस्कार! आणि पिशवीतून काय काढलं असेल? तुमचा दाखला. लॅमिनेट केलेला, सोळा वर्षं जपलेला. सदर व्यक्ती माझ्या पूर्ण परिचयाची, उत्तम, निष्कलंक, सगळं जिथल्या तिथे. मला वाटायचं माझ्यासाठी काही वेगळं लिहिलं असेल, तर तुमचा एकच साचा! पण खोटं कशाला सांगू, तुमचं अक्षर बघून मला भरून आलं.

नियमांचा जाच त्यांनाही तुमच्याइतकाच होतो. दार उघडं असलं की मुलांचं लक्ष उडतं म्हणतात. चार हुशार मुलींना रविवारी घरी बोलावून शिकवतो म्हणाले, तर सिस्टरने साफ नाही सांगितलं. पोलिसांचा कागद स्वच्छ आहे, पण जुन्या शाळेकडून उत्तर आलं नाही म्हणून त्यांच्या वर्गात तिने माझ्या जोडीदारणीला, शुभांगीला, बसवलंय. सिस्टरने नांदगावला दोनदा फोन केला म्हणे. सविताने उचलला आणि अण्णांना ऐकू येत नाही, पण त्यांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं सांगून ठेवला.

म्हणून सिस्टरने तुम्हाला पोस्टाने फॉर्म पाठवलाय, पोचला असेल. त्यात एकच प्रश्न आहे. या व्यक्तीला तुम्ही पुन्हा मुलांसोबत ठेवाल का? हो किंवा नाही. तेवढं लिहून पाठवा, म्हणजे बिचाऱ्यांच्या मागचा ससेमिरा सुटेल. आणि तुम्हाला शिक्काही मारायला मिळेल.

आज एकादशी, वरईचा भात आणि दाण्याची आमटी केलीय. तुमच्या वाटची आठवण काढून खाते. माया वाढवत राहावी.

तुमची,
उज्वला


नांदगाव,
शुक्रवार, ११ जुलै २०२५

चि. सौ. उज्वला हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. काल गुरुपौर्णिमा झाली. जुने विद्यार्थी आले होते. आठ शाली आणि अकरा नारळ जमले. सविता म्हणते की शालींना आता कपाट पुरत नाही. पाऊस इकडे बेताचाच आहे. पेरूच्या झाडाला यंदा कळी बरी धरली आहे.

फॉर्म मिळाला. वय झाले, मागचे फारसे आठवत नाही. दाखल्यात जे लिहिले आहे ते लिहिले आहे. तो वाचावा, त्यापलीकडे विचारू नये. हल्लीच्या लोकांना प्रश्न फार पडतात. त्याला बायको आहे, संसार आहे. कोणाच्या पोटावर पाय देऊ नये, ही आपल्याकडची शिकवण आहे.

तू त्या शाळेचा नाद सोड, असे मला वाटते. पावसाळ्यात जिने चढायचे, तुझे गुडघे दुखतात. घरी नामस्मरण करावे. कळावे.

अण्णा


नाशिक,
मंगळवार, १५ जुलै २०२५

तीर्थरूप अण्णांस,
सा. न.

गुडघे तुमचे दुखतात, माझे नाहीत. मला मूळव्याध आहे. तुमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

पाकीट उघडलं आणि त्यात माझं पत्र परत आलं नव्हतं. बिनचूक पत्र मी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही, आणि तुम्ही ते सोडून दिलंत? तेव्हाच मी तुमचं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. शाली, नारळ, पेरूच्या कळ्या, सगळं मोजून कळवलंत, आणि हो किंवा नाही, एवढं एकच लिहायचं राहिलं.

दोन दिवस डोक्यात किडा वळवळत होता, मग आठवलं. सोळा वर्षांपूर्वी दिवाळीला मी आले होते. तुमच्या शाळेच्या फाटकाशी बोरं-चिंचा विकणाऱ्या गोजराबाईची मैना सहावीत होती, वर्गात पहिली. मला ओळखायची, दरवेळी पळत यायची. त्या वर्षी आली नाही. मी विचारलं तर तुम्ही सांगितलंत की पोरीचं अभ्यासातून लक्ष उडालं, आईने नाव काढलं. आणि त्याच फराळाच्या ताटावर तुम्ही म्हणालात की शाळेवरचं एक किटाळ टळलं, एक मास्तर आपण होऊन गेला. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवायची अक्कल मला तेव्हा झाली नाही. मी चिवडा खात बसले. ती लाज माझी.

आता शनिवारची गोष्ट. चौथीतली दोन वेण्यांची एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही, तोही नियमच. सोमनाथ सरांनी तिला सगळे गेल्यावर थांब म्हणून सांगितलं. शुभांगी जागची हलली नाही. ते गोड हसून म्हणाले की बाई, तुम्ही निघा, उशीर होईल. ती म्हणाली की निघता येत नाही, दोघांचा नियम आहे. ते म्हणाले की मी काय परका आहे का? ती म्हणाली की नियमात परका-आपला असं काही लिहिलेलं नाही. शेवटी पोरीने दप्तर उचललं आणि घरी गेली. काही झालं नाही. अण्णा, काही झालं नाही ते ज्या नियमाला तुम्ही आणि मी पोट धरून हसलो, त्याच्यामुळे.

सिस्टरने त्यांना थांबवलंय, उत्तर येईपर्यंत फाटकाच्या आत यायचं नाही. पण तिच्या एकटीच्या फाटकाने काय होणार? आणखी दोन खासगी क्लासमध्ये ते विचारायला गेलेत. पिशवीत तुमचा कागद आहे, तोवर त्यांना दारं उघडीच. पोलिसांच्या दप्तरात त्यांचं नाव नाही, कारण तुम्ही तिथवर कोणाला जाऊच दिलं नाहीत. असंच झालं ना? नसेल तर मला खोटं पाडा, मी नाक घासून माफी मागेन. देवाशपथ, मला खोटं पडायचंय.

शनिवारी, २६ तारखेला, सिस्टर फाइल बंद करणार. लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही. उत्तर असावं.

उज्वला


नांदगाव,
मंगळवार, २२ जुलै २०२५

चि. उज्वला हिस,
आशीर्वाद लिहायचा की नाही, ते हे पत्र संपल्यावर तू ठरव.

उत्तर: नाही.

तू खोटी पडली नाहीस. गोजराबाई माझ्या ऑफिसात आली होती. तो मैनाला शाळा सुटल्यावर थांबवत असे. तीन शनिवार. पुढचे लिहायला हात वळत नाही, आणि मी तेव्हा ऐकलेही अर्धेच. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. बारा वर्षे ती फाटकाशी बसत होती, मी कधी पाणी विचारले नव्हते. खुर्ची मिळाली तेव्हाच तिने ओळखायला हवे होते की हा माणूस आता आपल्याला फसवणार. मी तिला समजावले की ठाण्यात गेलीस तर पोरीचे नाव होईल, लग्न जमायचे नाही. ती रडली, मला देवमाणूस म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले की तपासणी तोंडावर आहे, त्याला चांगला दाखला देऊन वाटेला लावा, तो दुसऱ्याची डोकेदुखी होईल. मी दिला. दौतीत टाक बुडवून, सुवाच्य अक्षरात दिला. एकही दाखला परत आला नाही, अशी फुशारकी मी तुझ्याकडे मारली. परत कसा येईल? तो परत येऊ नये, म्हणूनच तर दिला होता.

काल मैनाकडे गेलो. बस स्टँडच्या मागे तिचे शिलाईचे दुकान आहे. मला पाहून ती उठून उभी राहिली नाही. इतक्या वर्षांत मला पाहून न उठलेली नांदगावातली ती पहिलीच. मी हात जोडून सगळे बोललो. तिने मशीन थांबवले नाही, ब्लाउजची एक बाही पुरी केली. मग फळीवरच्या डब्यातून एक कागद काढून माझ्यापुढे टाकला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला, सही माझी. शाळा सोडण्याचे कारण: अभ्यासात लक्ष नाही. वर्तणूक: बरी.

म्हणाली की सर, तुमचं अक्षर लय छान हाय. नर्सिंगला जायचं व्हतं, तिथं हा कागद दाखवायची लाज वाटली, म्हून गेलेच नाय. मग तिने विचारले की त्याला काय लिव्हलं व्हतं? मी सांगितले, उत्तम.

ती हसली. ते हसणे मला या जन्मी विसरता यायचे नाही. तुझे सगळे टोमणे एका बाजूला आणि ते एका बाजूला.

मी काय लिहिणार ते तिला वाचून दाखवले. ती म्हणाली की माझं नाव मी द्यायचं तवा मी देईन, तुमी तुमचं द्या. तेव्हा सोबत दोन कागद आहेत. एक सिस्टरांचा फॉर्म, त्यावर नाही असे लिहिले आहे. दुसरा पोलिसांसाठी: मी दिलेला दाखला खोटा होता आणि तो खोटा आहे हे मला देताना माहीत होते. दोन्हींवर शिक्का नाही. शिक्का सविताच्या हाती शाळेत परत पाठवला, तिने पोच आणली. तिने हे पत्र वाचले आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. घरात स्पीकर बंद आहे.

तुझ्या पत्रातल्या चुका काढल्या नाहीत. लोभाचे तू बघ.

धोंडीराम


नाशिक,
रविवार, २७ जुलै २०२५

तीर्थरूप अण्णांस,
नमस्कार.

कागद गुरुवारीच पोचले. सिस्टरने दोन्ही वाचले, पाणी प्यायली आणि चपला घातल्या. मी बरोबर होते. ठाण्यात तोच हवालदार. या वेळी त्याने मावशी, केलंत काय असं विचारलं नाही. तुमचं पत्र साहेबांनी ठेवून घेतलंय, सोमनाथ सरांना बोलावणं गेलंय. पुढचं मैना ठरवेल, तिच्यावर कोणी जोर करायचा नाही असं सिस्टरने साहेबांनाच बजावलं. त्या दोन क्लासवाल्यांकडे आम्ही दोघी जाऊन आलो. एकाने विचारलं की एवढ्या मोठ्या हेडमास्तरांचा दाखला खोटा कसा असेल? मी सांगितलं की मी सख्खी बहीण आहे, माझं ऐका.

दोन वेण्यांच्या मुलीने काल मला टाळी दिली. तिला काही ठाऊक नाही. असंच राहो.

तुम्हाला जबाबाला यावं लागेल. साधा सदरा घालून या, शाल आणू नका. मुक्काम आमच्याकडेच. अण्णा, मी तुमच्यावर इतकी चिडलेय की हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आणि भाऊ मला एकच आहे, हेही खरं. दोन्ही एकाच ताटात वाढून घेतलंय, गिळवेल तसं गिळीन. सविताला सांगा, बोलत नाही तोवर ठीक, पण तेल लावून देत जा.

सिस्टरकडून एक कोरा फॉर्म मागून आणला. तिने विचारलं की कोणासाठी? मी म्हटलं की ज्याने जन्मभर दुसऱ्यांना दाखले वाटले आणि ज्याच्याकडे स्वतःचा एकही नाही, अशा एका माणसासाठी. तो सोबत जोडलाय. शिफारशीला दोन माणसं लागतात. नात्यातली चालत नाहीत, शाल घालणारीही मला चालणार नाहीत. पहिल्या जागी मैनाचं नाव लिहा आणि फॉर्म स्वतः तिच्या दुकानात घेऊन जा. ती फाडून टाकेल, चुलीत घालेल, तिची मर्जी. बाही पुरी होईपर्यंत उभे राहा.

प्रश्न तोच आहे. या व्यक्तीला तुम्ही पुन्हा मुलांसोबत ठेवाल का? हो किंवा नाही.

तिने काही लिहिलंच, तर आहे तसं मला पाठवा. लाल पेन घरी ठेवून जा.

तुमची,
उज्वला